साखळी दुकाने आणि स्थानिकता

एकाच मालकीची, अथवा एकाच व्यापारनामाखाली परवान्याने चालविली जाणारी, एकसारखा माल, एकसारखी सजावट आणि एकसारखी विक्रीपद्धती असलेली, निरनिराळ्या गावी पसरलेली दुकाने म्हणजे साखळी दुकाने होत. ‘स्थानिकता’ या संज्ञेने येथे एखाद्या गावाचा वा वस्तीचा तो विशेष अभिप्रेत आहे, ज्यामुळे तेथील रहिवाशास ते ठिकाण आपले वाटते आणि परक्यास ते इतर ठिकाणांहून निराळे म्हणून ओळखता येते. साखळी दुकानांचा प्रसार होत गेला, की बाजारपेठांचे हे निराळेपण कमी होऊ लागते, असा अनुभव औद्योगिक देशांत विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आणि भारतात विशेषतः १९९१ नंतर आला. या प्रश्नासंबंधी झालेला विचार आणि निरनिराळ्या देशांत योजिलेले उपाय यांचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

बाजार व स्थान : मराठीत ‘पेठ’ हा शब्द बाजार आणि वस्ती या दोन्ही अर्थांनी रूढ आहे. पुण्यातील तांबट आळी, बोहरी आळी किंवा मुंबईतील झवेरी बाजार ही नावे तेथील व्यापारावरून व कारागिरांवरूनच पडली. व्यापाराने केवळ वस्तीला नाव दिले असे नाही, तर परस्परांच्या ओळखीचे एक जाळेही निर्माण केले. वाणसामानाच्या दुकानातील उधारीची वही, एखाद्यासाठी ठेवलेला निरोप, नवख्यास सांगितलेला पत्ता, सणापूर्वी कोणत्या घरी काय लागेल याची दुकानदारास असलेली माहिती, या गोष्टींची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. परंतु वस्तीचे जीवन त्यांवर उभे असते. जेन जेकब्झ या लेखिकेने अमेरिकन शहरांवरील आपल्या ग्रंथात (१९६१) हेच निरीक्षण न्यूयॉर्कसंबंधी नोंदविले आहे. तिच्या वस्तीत पाहुण्यासाठी घराची किल्ली नाक्यावरील दुकानदाराकडे ठेवण्याची प्रथा होती. दुकानदार विश्वासाचा असतो, पण घरच्या भानगडीत पडत नाही. सलगी आणि अंतर यांचा हा समतोल नागरी जीवनास आवश्यक असतो, असे तिचे प्रतिपादन आहे. रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये घर व कामाची जागा यांखेरीज असणाऱ्या अशा बैठकीच्या ठिकाणांना ‘तिसरे स्थान’ असे नाव दिले.

साखळी दुकानांचा उदय : रेल्वे, तारायंत्र आणि कारखान्यात वेष्टनबंद केलेला माल या तीन गोष्टींनी साखळी दुकाने शक्य झाली. ‘ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी’ या अमेरिकन साखळीची सुरुवात १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. १९३० च्या सुमारास तिची पंधरा हजारांहून अधिक दुकाने होती. फ्रँक वुलवर्थ याने १८७९ साली अल्पमोली जिनसांचे पहिले यशस्वी दुकान पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे काढले. १९१६ साली मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ या दुकानात गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलून घेण्याची पद्धत सुरू झाली आणि विक्रेता व गिऱ्हाईक यांच्यातील संभाषण व्यापाराच्या दृष्टीने अनावश्यक ठरले.

साखळीचे सामर्थ्य घाऊक खरेदीत असते. शेकडो दुकानांसाठी एकदम माल घेणाऱ्यास उत्पादक भाव कमी करून देतो. जाहिरात, वाहतूक, हिशेब यांचा खर्च अनेक दुकानांत विभागला जातो. एका गावी काही काळ तोटा सोसून स्पर्धकास हटविणेही साखळीस शक्य होते, कारण तो तोटा अन्यत्र भरून निघतो. गिऱ्हाइकास यातून स्वस्ताई व ठराविक दर्जा मिळतो. मात्र माल कोणता ठेवावा, भाव काय लावावा, दुकान केव्हा बंद करावे, हे निर्णय गावाबाहेर, बहुधा देशाच्या एखाद्या दूरच्या शहरात घेतले जातात. स्थानिकतेच्या दृष्टीने साखळी दुकान आणि गावचे दुकान यांतील मूलभूत भेद पाटीचा वा सजावटीचा नसून निर्णयाच्या स्थानाचा आहे.

संकल्पनात्मक विचार : कॅनडातील भूगोलज्ञ एडवर्ड रेल्फ याने १९७६ मध्ये ‘स्थानशून्यता’ ही कल्पना विस्ताराने मांडली. ठिकाणे परस्परांसारखी दिसू लागली, की त्यांच्याशी माणसाचा संबंधही उथळ होतो, असे त्याचे म्हणणे होते. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्क ओझे याने १९९२ मध्ये विमानतळ, महामार्ग, मोठी विक्रीकेंद्रे यांसारख्या ठिकाणांना ‘अ-स्थाने’ म्हटले. तेथे माणूस रहिवासी नसतो, तर प्रवासी किंवा ग्राहक असतो.

या विचारसरणीत एक धोका आहे. स्थानिक म्हणजे मूळचे आणि परके म्हणजे विनाशक, असे समीकरण तीतून सहज निघू शकते. ब्रिटिश भूगोलज्ञ डोरीन मॅसी हिने १९९१ मध्ये लंडनमधील किल्बर्न या भागाचे उदाहरण घेऊन या समीकरणास उत्तर दिले. आयरिश आणि भारतीय स्थलांतरितांच्या खुणा वागविणारा तेथील रस्ता बाहेरून आलेल्यांनीच घडविलेला असून त्याचे निराळेपण त्या संबंधांतूनच आले आहे, असे तिने दाखविले. मुंबईतील इराणी उपाहारगृहे याच प्रकारात मोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणातून आलेल्या जरथुश्त्री स्थलांतरितांनी ती काढली. माटुंग्यातील उडुपी उपाहारगृहे दक्षिण कन्नड भागातून आलेल्यांनी काढली. आज ती दोन्ही अस्सल मुंबईची म्हणून ओळखली जातात. तेव्हा मूळ कोठले, यापेक्षा येथे राहून, येथील गिऱ्हाइकाकडे पाहून निर्णय कोण घेतो आणि त्यास किती काळ टिकून राहता येते, हा निकष अधिक योग्य ठरतो.

कायद्याचे उपाय : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साखळी दुकानांविरुद्ध पहिली मोठी चळवळ १९२० ते १९४० या काळात झाली. अनेक राज्यांनी दुकानांच्या संख्येनुसार वाढत जाणारा कर बसविला. इंडियाना राज्याचा असा कर सर्वोच्च न्यायालयाने १९३१ साली वैध ठरविला. फ्लॉरिडाच्या कायद्यासंबंधीच्या १९३३ च्या खटल्यात न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण लोकशाहीस बाधक असल्याने त्यास आवर घालण्याचा राज्यांना अधिकार असावा, असे प्रतिपादिले. १९३६ च्या रॉबिन्सन–पॅटमन अधिनियमाने उत्पादकांनी मोठ्या खरेदीदारांस अवाजवी सवलती देण्यावर निर्बंध घातले. मात्र त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील मतदारांनी साखळी दुकानांवरील कर सार्वमतात फेटाळला. मंदीच्या काळात स्वस्त अन्नधान्याचे महत्त्व त्यांना अधिक वाटले.

फ्रान्समध्ये १९७३ च्या रुवाये कायद्याने मोठ्या शहरांत दीड हजार चौ. मी. पेक्षा अधिक विक्रीक्षेत्राच्या दुकानास पूर्वपरवानगी आवश्यक केली. जपानमध्येही त्याच वर्षी मोठ्या दुकानांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. तो २००० साली रद्द होऊन त्याच्या जागी सौम्य कायदा आला. या कायद्यांचा अनुभव संमिश्र आहे. नव्या मोठ्या दुकानांस अटकाव झाल्याने आधीच स्थिरावलेल्या साखळ्यांनाच एक प्रकारचे संरक्षण मिळाले. त्या मानाने फ्रान्सचा १९८१ चा पुस्तकांच्या किंमतीविषयीचा कायदा अधिक परिणामकारक ठरला. प्रकाशकाने ठरविलेल्या किंमतीवर पाच टक्क्यांहून अधिक सूट देण्यास त्याने मनाई केली. परिणामी भावाची लढाईच संपली आणि लहान ग्रंथविक्रेत्यांना निवड, माहिती व सेवा यांच्या बळावर टिकाव धरता आला.

नगरपालिकांनी योजिलेल्या उपायांत सॅन फ्रॅन्सिस्को शहराचे नियम विशेष अभ्यासले गेले आहेत. २००४ च्या नियमाने अन्यत्र अकरा वा अधिक शाखा असलेल्या आणि ठराविक माल, दर्शनी भाग, सजावट, गणवेश, पाटी, व्यापारचिन्ह यांपैकी किमान दोन बाबी समान असणाऱ्या दुकानास ‘साचेबंद विक्रीकेंद्र’ मानले. २००६ च्या सार्वमतानंतर शहरातील सर्व स्थानिक व्यापारी विभागांत अशा दुकानास जाहीर सुनावणीनंतरच परवानगी मिळू लागली; काही विभागांत त्यांस पूर्ण बंदी घालण्यात आली. या नियमाचे महत्त्व असे, की त्यात साखळीस सरसकट मनाई नाही. वस्तीला आपले मत मांडण्याची संधी मात्र आहे.

लोकचळवळी : १९८६ मध्ये रोममधील स्पॅनिश पायऱ्यांच्या चौकात मॅकडॉनल्ड्सचे उपाहारगृह निघाले. त्याविरुद्धच्या निदर्शनांतून कार्लो पेत्रीनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ ही चळवळ उदयास आली आणि १९८९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय स्वरूप प्राप्त झाले. १९९९ मध्ये तिच्याच प्रेरणेने इटलीत पन्नास हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावांची ‘चित्तास्लो’ ही संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये ‘न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन’ या संस्थेने २००५ च्या पाहणीत मुख्य रस्त्यावरील दुकाने बहुतांशी साखळ्यांची असलेल्या गावांना ‘प्रतिकृती गावे’ म्हटले. एक्सेटर हे त्यात अग्रस्थानी होते. डेव्हनमधील टॉटनेस या छोट्या गावाने २००७ साली स्वतःचे स्थानिक चलन काढले. २०१२ साली कॉफीगृहांच्या एका मोठ्या साखळीने परवानगी मिळूनही लोकांच्या विरोधामुळे तेथील बेत सोडून दिला. ते चलन मात्र २०१९ साली बंद करावे लागले, कारण रोख व्यवहारच कमी झाले होते.

टेक्ससमधील ऑस्टिन येथे २००२ साली पुस्तकांच्या मोठ्या साखळीला शहराच्या साहाय्याने जागा मिळण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा स्थानिक ग्रंथविक्रेता व ध्वनिमुद्रिकाविक्रेता यांच्या वतीने एक पाहणी करण्यात आली. गिऱ्हाइकाने खर्च केलेल्या १०० डॉलरांपैकी स्थानिक दुकानांतून सु. ४५ डॉलर शहरातच फिरतात, साखळीतून सु. १३ डॉलर, असा तिचा निष्कर्ष होता. मालकाचा नफा, हिशेबनीस, जाहिरात व छपाई यांवरील खर्च स्थानिक दुकान गावातच करते, हे या फरकाचे कारण होय. पाहणी हितसंबंधितांनी करविलेली व मोजक्या दुकानांपुरती असल्याने हे आकडे सर्वत्र लागू करता येणार नाहीत. त्यांतून दिसणारी दिशा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे.

भाड्याचा प्रश्न : स्थानिक दुकाने बंद पडण्याचे कारण नेहमी गिऱ्हाइकांचा अभाव हे नसते. पुष्कळदा दुकान चालत असते, परंतु जागा परवडत नाही. एखादा रस्ता त्याच्या निराळेपणामुळे लोकप्रिय झाला, की तेथील भाडी वाढतात. वाढलेले भाडे देण्यास साखळीच समर्थ असते. तिच्याशी केलेला दीर्घ करार बँका तारण म्हणून अधिक ग्राह्य मानत असल्याने जागामालकही तिलाच पसंती देतो. ज्या दुकानांनी रस्त्यास मोल आणले, तीच अशा रीतीने तेथून बाहेर पडतात. बार्सेलोनात याचे ठळक उदाहरण घडले. स्पेनच्या १९९४ च्या भाडेकायद्याने जुन्या गोठविलेल्या भाड्यांना वीस वर्षांची मुदत दिली होती. ती २०१४ च्या अखेरीस संपताच शहरातील अनेक जुनी दुकाने बंद पडली.

हे ओळखून काही शहरांनी जागेच्या प्रश्नालाच हात घातला. पॅरिसने २००४ पासून एका सार्वजनिक संस्थेमार्फत ओस पडू लागलेल्या भागांतील तळमजल्यावरील गाळे विकत घेऊन ते ग्रंथविक्रेते, कारागीर व किरकोळ दुकानदार यांना भाड्याने देण्याची योजना राबविली. सॅन फ्रॅन्सिस्कोने २०१५ साली तीस वर्षे वा अधिक काळ चाललेल्या व्यवसायांची ‘वारसा व्यवसाय’ म्हणून नोंदणी सुरू केली आणि अशा दुकानदारास दहा वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकास अनुदान देऊ केले. लिस्बनने त्याच वर्षी अशीच योजना आखली. इमारतीचा दर्शनी भाग जपणाऱ्या वारसा कायद्यांहून हा विचार निराळा आहे. इमारत तशीच राहून आतील दुकान निघून गेले, तर जतन झाले ते दगडविटांचे, बाजाराचे नव्हे.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या दुकानदारांना दीर्घकाळ संरक्षण दिले. फोर्ट, गिरगाव, दादर या भागांतील कित्येक दुकाने व उपाहारगृहे त्यामुळेच टिकली. त्याची दुसरी बाजू अशी, की उत्पन्न नसल्याने मालकांनी इमारतींची डागडुजी केली नाही आणि पागडीची पद्धत बळावली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने एक कोटी रुपये वा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्या, बँका इ. भाडेकरूंना या संरक्षणातून वगळले. मोठा व लहान व्यापारी यांत कायद्याने केलेला हा भेद उल्लेखनीय आहे. तथापि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात पूर्वीच्या दुकानदारास गाळा परत मिळाला, तरी मधली बांधकामाची वर्षे, बदललेली वस्ती व वाढलेला देखभालखर्च यांमुळे तो पुन्हा तग धरील याची शाश्वती नसते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व लोअर परळसारख्या भागात गिरण्यांच्या जमिनींवर विक्रीसंकुले उभी राहिली. तेथे दुकानांबरोबर त्यांचे मूळचे गिऱ्हाईकही विखुरले.

बहुवस्तू किरकोळ व्यापारात केंद्र शासनाने २०१२ साली ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस परवानगी दिली व अंतिम संमतीचा निर्णय राज्यांवर सोपविला; महाराष्ट्राने संमती दिली. प्रत्यक्षात अधिक प्रभाव देशी साखळ्यांचाच पडला. त्यांपैकी डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवई येथे निघाले. ही साखळी बव्हंशी स्वतःच्या मालकीच्या जागांत दुकाने काढते व तिच्या स्वस्ताईचे ते एक कारण आहे. उलट २००१ साली सुरू झालेल्या बिग बझार या साखळीच्या अनेक जागा भाडे थकल्यामुळे २०२२ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेल्या. जागेवरील हक्काचे महत्त्व मोठ्या व्यापारालाही चुकत नाही, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक देशी उत्तरही घडले. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेला ‘अपना बाजार’ आणि वारणानगरच्या सहकारी परिसरात वाढलेला ‘वारणा बाजार’ यांनी शाखा, घाऊक खरेदी व ठराविक दर्जा हे साखळीचे गुण घेतले, परंतु मालकी सभासदांकडे ठेवली [→ सहकार]. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर शेजारच्या कुटुंबांचे गट करून दुकानाविनाच एकत्रित खरेदी केली. या संस्थांना व्यवस्थापनाच्या व भांडवलाच्या अडचणी आल्या, तरी शाखांची संख्या आणि स्थानिकता यांत अटळ विरोध नाही, हे त्यांनी दाखवून दिले. फेरीवाल्यांसाठी केंद्राने २०१४ साली केलेल्या कायद्याने नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली. स्थानिक बाजारातील सर्वांत दुबळ्या घटकास जागेचा हक्क देण्याचा तो प्रयत्न होय.

दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात, या नियमाची व्याप्ती २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांपर्यंत वाढविण्यात आली व सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. भाषेचा मान राखण्यास हा नियम उपयुक्त आहे. परंतु देवनागरी पाटीखाली सर्वत्र तोच माल व तीच विक्रीपद्धती असू शकते, हे विसरता येत नाही.

मर्यादा : गावचे दुकान सर्वांनाच आपले वाटत असे, असे मात्र नाही. ज्या उधारीने अडल्यावेळी घर चालविले, त्याच उधारीने गरीब गिऱ्हाईक एका दुकानाशी बांधले गेले व भावाविषयी बोलण्याची त्यास सोय उरली नाही. ओळखीच्या बाजारात जातही ओळखीची असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांना गावच्या दुकानदाराकडून होणारा अपमान टपालाने माल मागवून टाळता येई. याउलट १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्झबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ज्या उपाहारकक्षात धरणे धरले, तो वुलवर्थ साखळीचाच होता; वर्णभेदाच्या स्थानिक रूढीला शरण जाण्यात तिने नफा पाहिला होता. साखळीच असल्याने तिच्या उत्तरेकडील शाखांसमोरही निदर्शने झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ग्रीन्झबरोच्या शाखेने सर्वांना सेवा देण्यास आरंभ केला. स्थानिक रूढी नेहमी न्याय्य असते, असे मानण्याचे कारण नाही.

साखळ्याही चिरस्थायी नसतात. ब्रिटनमधील वुलवर्थ्सची आठशेच्या आसपास दुकाने २००८ च्या डिसेंबर व २००९ च्या जानेवारी या महिन्यांत बंद झाली. अमेरिकेतील बॉर्डर्स ही पुस्तकांची साखळी २०११ मध्ये, तर वर उल्लेखिलेली ग्रेट अटलांटिक अँड पॅसिफिक टी कंपनी २०१५ मध्ये लयास गेली. गावचे दुकान आधीच नाहीसे झालेले असेल, तर साखळी निघून गेल्यावर तेथे मोकळे गाळे उरतात. संगणकीय जाळ्यावरून होणाऱ्या घरपोच विक्रीने तर दुकान या ठिकाणाचीच गरज कमी केली असून तिचा ताण साखळ्या व स्थानिक दुकाने या दोहोंवर पडत आहे.

समारोप : वरील अनुभवांवरून स्थानिकता टिकविण्याचे उपाय तीन प्रकारांत विभागता येतात : बाह्यरूप जपणारे, साखळीच्या प्रवेशावर नियंत्रण ठेवणारे, आणि स्थानिक व्यावसायिकास जागा व मालकी यांचे स्थैर्य देणारे. पहिल्या प्रकारचे उपाय सोपे व लोकप्रिय असले, तरी एकट्याने अपुरे पडतात. दुसऱ्या प्रकारचे उपाय काळजीपूर्वक न आखल्यास प्रस्थापितांच्याच सोयीचे ठरतात. तिसऱ्या प्रकारचे उपाय खर्चाचे व चिकाटीचे आहेत. परंतु दीर्घ मुदतीचे भाडेकरार, सार्वजनिक मालकीचे गाळे, सहकारी खरेदी व पथविक्रेत्यांना हक्काची जागा यांखेरीज बाजारपेठेतील माणसे तेथे राहणे कठीण असते. ती राहिली, तर आपल्या गावाचे रूप काळानुसार स्वतःच बदलत नेतात, आणि असा स्वतःच्या हाताने झालेला बदल स्थानिकतेला मारक ठरत नाही.